लतीफभाईची शिस्तीची गुंडाळी

आमच्या दुकानाच्या माळ्यावर एक पत्र्याची पाटी भिंतीकडे तोंड करून उभी आहे. तिच्यावर निळ्या रंगात लिहिलंय, 'लतीफ मोटर रिवाइंडिंग. येथे सर्व काम एकाच हाताने होते.' धुळ्यात नवीन आलेला माणूस ही पाटी वाचून हमखास आत डोकावायचा आणि लतीफभाईचे दोन्ही हात धडधाकट आहेत हे बघून जरा खट्टू होऊन पुढे जायचा. लतीफभाईला म्हणायचं असायचं ते असं, की या दुकानात कारागीर नाही, मदतनीस नाही, वायरच्या पहिल्या फेऱ्यापासून शेवटच्या फेऱ्यापर्यंत सगळं मी आणि मीच. मी त्याला कितीदा म्हटलं, लतीफभाई, पाटी बदल. तो म्हणायचा, "पाटी बरोबर आहे. लोक घाईत वाचतात."

आता त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं मिळतात. लतीफभाई आणि जुबेदाभाभी लेकीकडे, शाहीनकडे, सुरतला राहायला गेले. सामान टेम्पोत चढलं, पाटी मात्र त्याने माझ्याकडे आणून ठेवली. "ही नेत नाही, अरुणभाऊ," म्हणाला, "खोटी पाटी घेऊन दुसऱ्या गावात जाऊ नये." दर शुक्रवारी त्याचा फोन येतो, गप्पा होतात, पण भिंतीपलीकडचा हातोडा बंद झाला तो झालाच. मला त्या हातोड्याची आठवण येते. कोणाला वाटलं असतं?

कारण तो हातोडा म्हणजे माझ्या धंद्याचा वैरी होता. माझं वाद्यांचं दुकान, त्याचं मोटरचं, मध्ये एका विटेची भिंत. गिऱ्हाइकाने पेटीचा भाता हलवला रे हलवला की पलीकडे ठोकाठोक सुरू. हातोडा थांबेपर्यंत गिऱ्हाईक चप्पल घालून रस्त्यावर. मी तणतणत भांडायला जायचो आणि चहा पिऊन परत यायचो, कारण लतीफभाईशी भांडण करणं फार अवघड. तो स्वतःच्या विनोदाला विनोद सांगायच्या आधी हसायचा, आणि ते हसू असं पोटातून यायचं की विनोद ऐकायची गरजच उरायची नाही.

अंगाने भरलेला, कानावर पेन्सिल, आणि तीच पेन्सिल दिवसभर शोधणारा. शुक्रवारी नमाजाला जाताना अत्तर लावायचा आणि परत येऊन वॉर्निशच्या डब्याशी बसायचा, त्यामुळे दुपारनंतर त्याच्या दुकानात गुलाब आणि वॉर्निश असा वास यायचा. मीटरवर त्याचा अर्धाच विश्वास. "मीटर खोटं बोलत नाही," तो म्हणायचा, "पण खरं असलं तरी सगळं सांगत नाही." वायर किती बारीक आहे हे तो ओठांवरून फिरवून ठरवायचा. शेतकरी पाण्याची मोटर घेऊन आला की आधी त्याला बसवायचा, पाणी द्यायचा, मोटर उघडून तिचा वास घ्यायचा आणि मग एवढ्या हळू आवाजात "जळाली" म्हणायचा की समोरचा माणूस आपोआप टोपी काढायचा.

आणि बढाई तर विचारूच नका. जळगावपासून नंदुरबारपर्यंत माझ्यासारखी गुंडाळी कोणाची नाही, हे तो रोज एकदा तरी सांगायचा. त्यात तथ्य होतं म्हणून जास्त राग यायचा. त्याची वायर एकीला एक चिकटून, ओळीत, शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी बसायची. एखादा फेरा दुसऱ्यावर चढला तर तो सगळं उलगडून पुन्हा सुरू करायचा. "वायरला शिस्त पाहिजे," हे त्याचं ब्रीद.

असा माणूस गिटारच्या वाटेला गेला तो माझ्यामुळे. एका बँडचा इलेक्ट्रिक बँजो माझ्याकडे आला, त्याचा पिकअप गेलेला. पिकअप म्हटलं की आमच्याकडे आधी केळीची गाडी डोळ्यांपुढे येते, म्हणून सांगतो. गिटार किंवा बँजोच्या तारांखाली एक चपटी डबी असते. तिच्यात लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या वायरचे हजारो फेरे. वर तार थरथरली की खाली वायरमध्ये किंचित वीज उठते, ती ॲम्प्लिफायरकडे जाते आणि भोंग्यातून आवाज बाहेर पडतो. नवा पिकअप मुंबईहून यायला वेळ, आणि लग्नं तोंडावर. मी ती डबी घेऊन शेजारी गेलो. लतीफभाईने वरची पट्टी सोलली, आत बघितलं आणि चेहरा उजळला.

"अरे, ही तर मोटर आहे," तो म्हणाला. "फिरत नाही एवढंच."

पहिला पिकअप त्याने भरला तो अर्थातच मोटरसारखा. वायर ओळीत, मग वॉर्निशमध्ये बुडवून मोठ्या बल्बखाली वाळवायला ठेवला. मोटरला ते चालतं, ती लोखंडाची. ही डबी प्लास्टिकची. संध्याकाळी बघतो तर डबीचा पापड झालेला. लतीफभाईने तो पापड दोन बोटांत धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "प्लास्टिक हलकं होतं."

दुसऱ्याला त्याने काहीच लावलं नाही, वायर तशीच कोरडी सोडली. आवाज छान आला, बँडवाले खूश, बँजो वरातीत गेला. आता आतली वायर मोकळी असली की काय होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. वायर स्वतःच थरथरते आणि तो पिकअप थोडाफार माईकसारखा वागू लागतो. वरात नवरीच्या दाराशी पोचली, बँड दम खायला थांबला, आणि बँजोवाला बँजोवर वाकून तार पिळता पिळता शेजाऱ्याला म्हणाला, "बट्टी कच्ची आहे म्हणे, आणि भाजीत वांगं सापडत नाही." हे चारही भोंग्यांतून अख्ख्या गल्लीने ऐकलं. नवरीचे मामा हातातला झारा घेऊन बाहेर आले. बँडवाल्यांना त्या दिवशी जेवायला वाढलं, पण एकेकाच्या ताटात पाच-पाच बट्ट्या घातल्या आणि संपेपर्यंत मामा समोर बसून राहिले.

त्यानंतर लतीफभाई प्रत्येक पिकअप मेणात बुडवायचा. मेण आत शिरलं की वायर जागच्या जागी बसते, बोलत नाही. मेण वितळवायला त्याने जुबेदाभाभींचं चांगलं पातेलं पळवलं. त्याआधी त्यांचं शिलाई मशीनही पळवलं होतं, कारण एवढी बारीक वायर भरायला मोटरचं यंत्र फार दांडगट. मशीनच्या चाकाला डबी बसवायची, एका हाताने चाक फिरवायचं, दुसऱ्याने वायर धरायची. घर दुकानाच्या मागच्याच खोलीत. भाभी दारात उभ्या राहून म्हणायच्या, "मशीन गेलं, पातेलं गेलं. आता मी राहिले." लतीफभाई श्वास रोखून वायर भरत असायचा, त्यामुळे त्याला उत्तर देता यायचं नाही. भाभींनी हे ओळखून बोलायचं ते नेमकं त्याच वेळी बोलायची सवय लावून घेतली होती.

तो त्यांना नावाने कधी हाक मारायचा नाही. 'शाहीनची अम्मी' म्हणायचा. त्यांच्याबद्दल काही सांगायचं असलं तरी 'घरात'. "घरात विचारतो," "घरातून डबा आलाय." आमच्याकडेही जुन्या पिढीत हेच होतं, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

हळूहळू बँडवाले लांबून यायला लागले. अमळनेर, चोपडा, रावेर. लतीफभाई त्यांना बसवून पिकअपच्या जाती समजावायचा, आणि ते ऐकायला मीही दुकान उघडं टाकून जायचो. एका गुंडाळीच्या पिकअपला तो 'एकटा' म्हणायचा. "एकट्याचा आवाज स्वच्छ, चमकदार, मनातलं तोंडावर. पण भोळा असतो. बाजूला जनरेटर घरघरला, ट्यूबलाइट गुणगुणली, की तेही ऐकतो आणि सगळ्यांना सांगतो." म्हणून मग दोन गुंडाळ्यांचा पिकअप. त्याला तो 'जोडपं' म्हणायचा. दोन गुंडाळ्या शेजारी शेजारी, एकीची दिशा दुसरीच्या उलट आणि चुंबकही उलटे. बाहेरची घरघर दोघींत शिरते, पण एकीत सुलटी आणि दुसरीत उलटी, म्हणून ती आतल्या आत मरते. तारेचा आवाज मात्र दोघी मिळून सांगतात, म्हणून तो भारदस्त येतो. "आमच्या घरात बघ ना," तो म्हणायचा, "मी एक म्हणतो, शाहीनची अम्मी बरोबर उलट म्हणते. बाहेरचा कोणी कुरकुर घेऊन आला तर टिकतच नाही." आतून भाभींचा आवाज यायचा, "उलट तुम्ही म्हणता. मी सुलटच आहे."

एकदा त्याने मोकळा पिकअप हातात धरून माझ्या दुकानातल्या गिटारच्या तारांवरून फिरवला. मी एकच तार छेडत होतो. जिथे तारा बांधलेल्या असतात त्या टोकाशी आवाज तिखट, मधल्या बाजूला सरकवला की गोल, गोड. तारेच्या जवळ नेला की जोरकस, लांब नेला की शांत. तार तीच, बोट तेच. लतीफभाई आनंदाने लाल झाला होता. मी एवढी वर्षं गिटारी विकल्या, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला गिटारची गंमत वाटली.

आणि मग दगडूनाना आले.

दगडूनाना कापडण्याचे. तरुणपणापासून बँडमध्ये गिटार वाजवणारे, आता केस कापसासारखे पांढरे. त्यांच्या गिटारचा लाल रंग उडून खालचं लाकूड दिसायचं, पण आवाज असा की वरात दोन गल्ल्या लांब असली तरी बाया म्हणायच्या, नानांचा बँड आला. हळदीच्या वेळी ती गिटार वाजली की रुसून बसलेली आत्यासुद्धा उठून यायची. त्या गिटारचा पिकअप गेला होता. जुनी वायर हिरवी पडून जागोजाग तुटलेली.

"मनी नातनं लगीन शे, पहूरले," नाना म्हणाले. "ती एवढीशी व्हती तवय सांगेल शे, तुना लगीनमा मी वाजाडसू."

नाना सांगत होते ते असं. पहूरला दिलेल्या त्यांच्या मुलीची ही मुलगी. लहानपणी आजोळी आली की ती गिटारला कान लावून झोपायची. तिच्या लग्नात नाना वाजवणार, हा शब्द दिलेला. पण आवाज तोच पाहिजे. दुसऱ्या आवाजात ते तिच्या दारात उभे राहणार नाहीत. तोच आवाज आला नाही तर गिटार कायमची खुंटीला, लग्नात नुसते अक्षता टाकायला जाणार. लतीफभाईने छातीवर हात ठेवला. "नाना, लग्नाआधी तुमचा आवाज तुमच्या हातात. नाही आला तर ही पाटी उतरवीन."

मी कपाळाला हात लावला. आवाज म्हणजे काय मोटर आहे, चालू किंवा बंद?

जुनी डबी उघडली तेव्हा आतली गुंडाळी बघून लतीफभाई हसत सुटला. वायर कशीही भरलेली, इकडून तिकडे, तिरपी, फेऱ्यावर फेरा. "कोण्या बेशिस्त माणसाचं काम," तो म्हणाला. "बघ, आपण कसं नीट करतो."

आधी त्याने जोडपं बसवलं. घरघर गेली, आवाज भारदस्त झाला. नानांनी वाजवलं आणि मान हलवली. "हाई तं घोंगडी पांघरीसन गाई राहिनी." घोंगडी पांघरून गातेय म्हणे. मग एकटा भरला, पण स्पीकरमधलं दांडगं चुंबक घालून आणि तारांच्या अगदी जवळ चढवून. आवाज वसकन अंगावर यायचा, वर ते चुंबक तारांनाच ओढायचं, त्यामुळे सूर लांबवला की डुलायला लागायचा. मग फेरे कमी केले. आवाज मोकळा झाला पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. फेरे वाढवले तर जाड, गुंग. शेवटी त्याने नानांचंच जुनं चुंबक काढून घातलं, जुन्या गुंडाळीच्या जाडीइतकीच वायर भरली, आणि भरली ती अशी की बघत राहावं. एकही फेरा वाकडा नाही.

नानांनी वाजवलं. भाभीही दारात येऊन उभ्या राहिलेल्या.

"जोडे येल शे," नाना म्हणाले. जवळ आलाय. मग हळूच म्हणाले, "पण हाऊ मना आवाज नई."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तसा तो असता तर बरं झालं असतं. लतीफभाई त्या रात्री जेवला नाही, असं भाभींनी मला सांगितलं. लग्न परवावर आलं होतं. सकाळी त्याने रिकामी डबी मशीनला लावून ठेवली आणि निराळी चुंबकं आणायला जळगावची बस धरली.

आता नीट ऐका. भाभींना शाहीनच्या बाळाची झबली शिवायची होती. कापड कापून तयार, आणि मशीन या डब्यांनी कितीतरी दिवस अडवलेलं. मी गिटार पुसायला म्हणून तिथे बसलो होतो. भाभींनी डबीकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. "ही एकदाची भरून टाकली की सुटेल ना मशीन?" म्हणाल्या, आणि बसल्या. शाहीनचा फोन आला तो खांदा आणि कान यांच्यात धरला. एका हाताने चाक, दुसऱ्या हाताने वायर, तोंडाने सुरतची सगळी खबर. लहानपणापासून दोऱ्याची बॉबिन भरलेला तो हात, तो काय वायरकडे बघणार? वायर इकडून तिकडे, मनाला येईल तशी जात होती. फेरे मोजण्याचा तर प्रश्नच नाही. डबी भरलेली दिसली तेव्हा त्या थांबल्या, ती काढून माझ्या हातात दिली आणि झबली घेऊन बसल्या.

दुपारी नाना गिटार न्यायला आले. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. पिकअपची जागा रिकामी, गिटार दात पडल्यासारखी दिसत होती. तशी कशी द्यायची? मी भाभींची ती डबी जुन्या चुंबकावर चढवली, झाळणीने दोन टाके मारले, पट्टी लावली. बसल्या बसल्या गिटार ॲम्प्लिफायरलाही जोडून दिली. नानांनी सवयीने बोट फिरवलं.

मला शब्दांत सांगता येणार नाही. आवाज स्वच्छ होता, आणि त्याच्या कडेला काहीतरी चमकत होतं, वाळत घातलेल्या पितळी भांड्यावर ऊन पडतं तसं. नानांनी पुन्हा वाजवलं. मग सबंध एक चाल वाजवली. डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि बोटं थांबायला तयार नाहीत.

"हाऊच," ते म्हणाले. "हाऊच मना आवाज शे."

तेवढ्यात लतीफभाई जळगावहून परतला. रस्त्यावरूनच त्याने ऐकलं असणार, कारण चुंबकांची पिशवी छातीशी धरून तो धावतच आत शिरला. "सांगितलं होतं ना, नाना? एकच हात," असं म्हणत त्याने गिटारमध्ये वाकून पाहिलं. पट्टीच्या फटीतून त्याला ती गुंडाळी दिसली, चिमणीच्या घरट्यासारखी. त्याने मशीनकडे पाहिलं. मशीनवर झबलं होतं. मग भाभींकडे पाहिलं. भाभी सुई तोंडात धरून त्याच्याकडे बघत होत्या.

"लतीफ, तू जबान पाळी," नाना म्हणाले.

लतीफभाईने चुंबकांची पिशवी खाली ठेवली. आणि म्हणाला, "दुकानाचं काम आहे, नाना."

भाभी उठून आत गेल्या. थोड्या वेळाने चहा आला. नानांचा आणि माझा गोड होता. लतीफभाईने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

त्याला तो पिकअप निदान मेणात तरी बुडवायचा होता. "नाही बुडवला तर बोलेल," तो म्हणाला. नानांनी गिटार पोटाशी धरली. "आते हात नको लावू. बोलू दे. मी गप राहसू."

नाना गेल्यावर तो माझ्या दुकानात येऊन बसला. "कारण कळलं मला," म्हणाला. "मी वायर फार चिकटून बसवतो. चिकटून बसली की वरचा बारीक आवाज तिथल्या तिथे गिळला जातो. मध्ये हवा पाहिजे. जुन्या गुंडाळीत हेच होतं." मी म्हटलं, "मग हे घरात सांग." तो पेन्सिल शोधायला लागला. पेन्सिल कानावर होती.

पहूरला आम्ही बँडच्याच गाडीतून गेलो, धुळ्याहून जळगाव आणि तिथून पुढे. लतीफभाई पुढे, भाभी नवरीच्या माहेरच्या बायकांसाठी घेतलेल्या बांगड्यांचा डबा मांडीवर घेऊन मागे. वाटेत त्याने बँडमधल्या प्रत्येकाला बजावलं, "नानांच्या गिटारजवळ कोणी तोंड उघडायचं नाही. मेण नाही तिला." जळगावला चहाला थांबलो तेव्हा पुन्हा बजावलं. पहूर आल्यावर तर वरातीत नाचणाऱ्या पोरांनाही बजावलं, त्यांना कशाचा काही पत्ता नव्हता.

नानांनी वाजवलं. दुसरं काय सांगू? रावेरचं वऱ्हाड केळीच्या बागांमधून आलेलं, रांगडं, पण नवरदेवाचे काकासुद्धा फेटा सावरत थांबून ऐकू लागले. हळदीच्या कपड्यांतली नात दारात येऊन उभी राहिली आणि आजोबांकडे बघून हसली. त्या एका हसण्यासाठी लतीफभाईने पाटी उतरवली असती तरी चाललं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

लग्न लागलं. मग मांडवात बायकांनी नवरा-नवरीला घेरलं. नाव घ्या, नाव घ्या. बँड थांबला. नवरदेवाने लाजत नाव घेतलं, नातीने ठणकावून घेतलं. मग बायका करवल्यांकडे वळल्या, मामींकडे वळल्या, आणि प्रत्येक नावाला हशा. भाभी त्या घोळक्यात मधोमध बसलेल्या. त्यांनाही कोणीतरी म्हणालं, तुम्ही घ्या. त्या म्हणाल्या, "आमच्यात आधी पुरुषाने घ्यायचं असतं." अशी काही रीत नाही, ती त्यांनी जागेवर तयार केली.

नाना बँडच्या गाडीला टेकून खुर्चीत बसलेले, गिटार मांडीवर. ॲम्प्लिफायर चालूच होता. लतीफभाई शेजारी उभा. नानांनी एकाएकी त्याचे दोन्ही हात धरले, खाली ओढले आणि स्वतःच्या डोळ्यांना लावले. "ह्या हातले देवनं देणं शे," ते म्हणाले. लतीफभाई वाकला होता. त्याचं तोंड बरोबर तारांवर आलं होतं. मला दिसत होतं आणि मी हात वर केला, पण मी लांब होतो.

"नाना, हे हात नाहीत ते," लतीफभाई पुटपुटला. आणि हे पुटपुटणं गाडीवरच्या भोंग्यांतून सगळ्या पहूरला ऐकू गेलं. "ती गुंडाळी माझी नाही. जुबेदाची आहे. माझ्याने झालं नव्हतं."

मांडवात वाढपी वरणाची बादली धरून थांबले. लतीफभाईने मान वर करून भोंग्यांकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा त्या पापड झालेल्या डबीसारखा झाला.

पहिली हसली ती नवरदेवाची आजी. "घेतलं गं," ती म्हणाली, "त्या भाऊने नाव घेतलं." मग सगळ्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या. भाभी पदर सावरत उभ्या राहिल्या. गोऱ्यापान कानांच्या पाळ्या लाल झालेल्या. त्यांनी घोळक्यातून सरळ नवऱ्याकडे पाहिलं.

"खरखर होती भोंग्यात," त्या म्हणाल्या. "मला नीट ऐकू आलं नाही."

गिटारची वायर लतीफभाईच्या हाताशीच होती. उपटली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं, आणि मला वाटलं, आता हा उपटणार. त्याने वायर हाताने बाजूला सारली. कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली. मग नानांच्या गिटारवर नीट वाकला, तोंड तारांच्या अगदी जवळ नेलं आणि एकेक शब्द ओळीत बसवत म्हणाला, "जुबेदाची आहे. माझ्या बायकोची, जुबेदाची."